यंत्रानं न मोजलेले ठोके

नसलेली टेकडी शोधून काढली होती मी. नव्वदच्या दशकात, वसमतला एम.एस्सी.ला असताना. गॅमा किरणं मोजायच्या यंत्राच्या तोंडाला मी सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा बटणाएवढा तुकडा, चिकटवूनच ठेवला. जवळ नेलं की जास्त कळंल, अशी अक्कल! पडद्यावरच्या आलेखात नेहमीच्या उंचवट्याच्या पुढं, बराबर दुप्पट अंतरावर, एक छोटी टेकडी उगवली. मी ओरडले, "सर, नवीन सापडलं!" आता नातींना सांगते तेव्हा त्या लोळून हसतात. शास्त्रज्ञीणबाई!

तेव्हा अख्खी लॅब हसली. सर म्हणाले, "तांड्यावर भुतं दिसतात, तशी इथं टेकडी दिसली का गं?" मग पोरांकडं वळून शिकवलं. शिकवायचे चांगलं, ते नाकारत नाही. किरणांचे ठोके फार दाट आले की दोन ठोके एकमेकांवर चढतात, यंत्राला तो एकच मोठा ठोका वाटतो. शिवाय एक ठोका मोजताना यंत्र क्षणभर बहिरं होतं. तो डेड टाइम. तेवढ्यात आलेले सगळे हुकतात. सोर्स लांब न्या, टेकडी जाईल. हुकलेले हिशोबानं परत मिळवा.

"सरकव," मला म्हणाले. चिमट्याशिवाय, नुसत्या हातानं.

शिशाच्या डबीतून सोर्स काढायचं काम कायम माझंच. चिमटा कपाटात, कुलपात. बाकीची शहरातली पोरं लांब, भिंतीला टेकून. "तुमच्या लोकांचे हात राठ, काही होत नाही," हे सरांचं ठरलेलं वाक्य. त्यावर मी हसायचेसुद्धा. येडी.

सरकवला. टेकडी गेली. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हुकलेले ठोके यंत्रानं मोजले नाहीत, पण आले तर होते. मग इतके दिवस माझ्या अंगात शिरले ते? ते कुणी मोजले? मला दिवस गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं; सांगितलं असतं तर शिक्षण सुटलं असतं. पदर पोटावर ओढला. जसं काय पदरानं किरणं अडतात!

"आता परत जवळ आण. पोरांना दाखवू."

"न्हाई आणणार, सर. चिमटा द्या."

आवाज माझाच होता का, कळलं नाही. दात वाजत होते.

"प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत. विसरलीस?"

"चिमटा द्या. न्हाईतर दुसऱ्या कुणाला सांगा."

कुणी हललं नाही. भिंतीची पोरं भिंतीलाच. सरांनी स्वतःसुद्धा हात पुढं केला नाही. ते मी बघून ठेवलं.

त्याच संध्याकाळी एस.टी. धरून सेनगावकडं, माहेरच्या तांड्यावर आले. याडीला, माझ्या आईला, सगळं सांगितलं. उद्या परत लॅबला जायची भीती वाटते, तेही सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली नाही.

"भ्या वाटतंय तर वाटू दे. थरथरतच जा. पण मागं घेतलेला हात पुन्हा पुढं करू नको."