मानाचं लुगडं आणि तीन पिच्चर

सुलतानपूरच्या पुष्पाबाईंनी त्या महिन्यात तीन पिच्चर पाहिले आणि तिन्ही वेळा शूटिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडली. टाकीजमधले पिच्चर नव्हेत, लग्नाचे. लग्न उरकतं उन्हाळ्यात, पण फिल्म येते ती पोरगी माहेरी दोन चकरा मारून गेल्यावर. मग पेनड्राइव्ह टीव्हीला लावायचा, शेजारपाजार गोळा करायचा आणि एका कप चहावर तीन तास बसवून ठेवायचं. उठायची सोय नाही. उठलं की घरचे म्हणतात, "थांबा, आता तुम्हीच येता!"

पहिला पिच्चर शेजारच्या गोकुळच्या पोराचा. नवरा-नवरी लोणारच्या सरोवराच्या काठाने हातात हात घालून, जणू पायात चिखल भरलाय अशी, सावकाश चाललीत. चहा झाला, चिवडा झाला, तरी चाललीतच.

"हे दोघं कवाचे चालून राह्यले," पुष्पाबाई सुनेच्या, वंदनाच्या, कानात पुटपुटल्या, "पोचून तं कुठीच नाई राह्यले."

महिन्यातला सगळ्यात भिकार पिच्चर कोणता, हे तिथेच ठरून गेलं असतं. पण पुष्पाबाईंचा जीव टांगला होता स्वतःच्या लेकीच्या, छकुलीच्या, लग्नाच्या फिल्ममध्ये.

त्याचं असं झालं. या घरची रीत अशी की, नवरीच्या आईने नवरीच्या आत्याला कुंकू लावायचं, मानाचं लुगडं द्यायचं आणि पाया पडायचं. छकुलीची आत्या म्हणजे पुष्पाबाईंच्या नवऱ्याची, कडूबांची, थोरली बहीण सत्यभामाबाई. सगळं घर त्यांना मोठीबाई म्हणतं. पुष्पाबाई म्हणत, मान दिला. मोठीबाई म्हणत, "मले चिंधीबी नाई भेटली." आणि त्यांनी मेहकरहून निरोप धाडला, मान दिल्याचं डोळ्यांनी पाहीन तेव्हाच कडूबाला राखी बांधीन. राखी आली तोंडावर. कडूबा जेवताना आपल्या मनगटाकडे बघत बसायचे.

"तुले नक्की आठोते का वं?"

"ह्या हातानं देल्लं! अंजिरी लुगडं. पाया पडल्यावर त्यायनं माह्या डोक्यावर हात ठेवला. शूटिंग हाये ना, पाहून घ्या!"

मेहकरच्या राजकुमारने शूटिंग केलं होतं. त्याने आधी छोटा पिच्चर पाठवला. त्यात मंगल कार्यालयाचं छप्पर आभाळातून, पुन्हा तेच छप्पर, जावयाचे बूट, जावयाचं घड्याळ, परत छप्पर. लुगडं नाही, मोठीबाई नाहीत, एवढंच काय, नवरीची आईसुद्धा नाही! पुष्पाबाईंनी फोन लावला.

"काऊन रे राजकुमार, त्या दिवशी पत्र्याचं लग्न लागलं का?"

"काकू, ते हायलाइट हाये. फुल फिल्म वेगळी."

"मंग ते धाड ना बे!"

दहा फोन झाले तेव्हा ती आली. घर टीव्हीपुढे बसलं. लग्नात घरच्या सगळ्या बायकांना गुलाबी फेटे आणि काळे गॉगल घालायची टूम वंदनाची. कोणती काकू, कोणती मावशी, काही समजेना. सगळ्या पुढारणी दिसत होत्या. आणि मग पुष्पाबाई स्वतः ताट घेऊन आल्या. कुंकू, नारळ, अंजिरी लुगडं. पार जमिनीला टेकून नमस्कार.

"पाह्य! पाह्य!" टीव्हीपुढच्या पुष्पाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पडद्यावर जिच्या पाया पडल्या त्या बाईने गॉगल काढला. ती निशिगंधा निघाली, मेहकरहून नवरी सजवायला आलेली पार्लरवाली! अंगाने मोठीबाईंसारखीच भरलेली, वंदनाने तिलाही फेटा-गॉगल चढवलेला, त्यात ढोलताशा आणि पुष्पाबाईंच्या डोळ्यांत पाणी. बिचारी निशिगंधा क्षणभर गांगरली. मग आपल्या आईच्या वयाच्या बाईच्या डोक्यावर हात ठेवून तिने आशीर्वाद दिला आणि लुगडं काखेत मारलं. सुलतानपूरसारखी दिलदार माणसं नाहीत, असं ती मेहकरभर का सांगत फिरते, ते आता समजलं.

"आई," वंदना हळूच म्हणाली, "मागं पाहा."

मागे कोपऱ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर मोठीबाई. डोक्यावर फेटा नाही, साधा पदर. दोन्ही हात मांडीवर, नजर दाराकडे. कॅमेरा फिरून बऱ्याच वेळाने तिथे परत आला, तेव्हाही तशाच बसलेल्या.

कडूबा पुन्हा आपल्या मनगटाकडे बघत बसले. तेच पुष्पाबाईंना झोंबलं. संध्याकाळभर त्यांनी फेट्यांना, गॉगलांना, वंदनाला आणि राजकुमारच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. सकाळी नवं लुगडं आणि पेनड्राइव्ह पिशवीत घालून, वंदनाला घेऊन मेहकरची एसटी धरली.

मोठीबाईंनी तोंड घट्ट मिटून फिल्म पाहिली. निशिगंधाचा हात वर गेला तसे त्यांचे खांदे हलायला लागले.

"मागं घे वं वंदना. आणखी एक डाव." हसता हसता पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पुष्पा, पार्लरवालीले केवढी वाकली तू! माह्यापुढं जन्मात नाई वाकली एवढी."

"मंग घ्या, आता पाहा," म्हणत पुष्पाबाई त्याहून खाली वाकल्या. कंबर धरली, उठवायला वंदना लागली.

राखीला मोठीबाई अंजिरी नाही, पण नव्या लुगड्यात आल्या. कडूबांच्या हाताला हा एवढा गोंडा बांधला. आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडला, "वंदना, गोकुळच्या घरच्यायले बोलाव. तो पिच्चर लाव. असा पिच्चर औंदा झाला नाई."

स्वयंपाकघरातून भांडं आदळल्याचा आवाज आला.

"याच्यापरिस गोकुळच्या पोराचं चालणं बरं होतं!"