खांदे खाली

आकाशकंदील टांगताना मी स्टुलावरून पडलो. कंदील शाबूत राहिला, खांदा गेला. तेव्हापासून इंदिरानगरच्या माझ्या फ्लॅटवर एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. माझा हात वर नेत त्या म्हणायच्या, “श्वास घ्या... आता सोडा. खांदा खाली, काका.” चहा विचारला की ठरलेलं उत्तर, “पेशंटकडे मी काही घेत नाही.”

गंमत म्हणजे त्यांचे स्वतःचे खांदे कायम कानाला टेकायला निघालेले. एकदा मी आगाऊपणे त्यांच्याच सुरात म्हणालो, “खांदे खाली, बाई!”

त्या हसल्या नाहीत. “माहितीये हो काका. पण घरी सांगणारं कोणी नाही ना. जातात परत वर.”

माझा आगाऊपणा तिथेच गळाला. पण पुढे मी रोज तेवढं म्हणायचो आणि त्या खरंच खांदे सोडायच्या. माझा हात बरा झाला, तरी मी इमानदारीने कण्हत राहिलो. मीही एकटाच राहतो, हे सांगायचं राहिलं.

परवा बोलण्याच्या नादात मी वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढला. त्यांच्यासमोर. त्याच हाताने.

“काका, हात बरा झालाय तुमचा.”

“मघाशी दुखत होता हो!”

त्यांनी बॅगेची चेन लावली. खांदे पुन्हा कानाशी. “म्हणजे उद्यापासून यायला नको.”

दारापर्यंत गेल्या, चपलेत पाय घातला आणि परत काढला.

“आता तुम्ही पेशंट नाही ना? मग टाका माझाही चहा.”