दत्तामामांनी जोडलेला कॅमेरा

एप्रिलमधला शनिवार, रोह्यातलं माझं घर. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झालेली... आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीच ओळ चौथ्यांदा. कॅमेरा सापडला नाही.

कॅमेरा तर माझ्या हातात होता!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला, आणि कॉम्प्युटर मी स्वतःचा स्वतः शिकलेला... ना क्लास, ना गुरू. मोडेमसुद्धा स्वतः बसवलेला, आणि एकेक सेटिंग दोनशे पानी वहीत उतरवून ठेवलेलं. आळीत कोणाचा कॉम्प्युटर अडला की हाक मलाच यायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

माझ्या बायकोचे दत्तामामा पेणला गणपती करायचे. त्यांना पहिल्यांदाच परदेशातून ऑर्डर आली होती... कॅनडातल्या एका मराठी मंडळाची, चार फुटी मूर्ती. आदल्या वर्षी मंडळाने दुसरीकडून मागवलेल्या गणपतीचा चेहरा भलताच निघाला होता. त्यामुळे यंदा अट अशी, की आधी ईमेलने फोटो पाठवा, पसंत पडला तरच मूर्ती जहाजावर चढेल.

फोटो चांगले यावेत म्हणून इकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर मंडळाने डिजिटल कॅमेराच धाडला. तो मामांकडे पोचला शुक्रवारी संध्याकाळी... आणि मूर्ती न्यायचा टेम्पो ठरला होता सोमवारी पहाटेचा. म्हणजे फोटो शनिवारीच जायला हवे होते.

शनिवारी सकाळी मी स्कूटरने पेणला गेलो. कॅमेऱ्यावर लाल ठिपके दिसले. कारखान्यातला रंग उडाला असणार, असं समजून मलमलीच्या फडक्याने पुसून काढले. बारा फोटो घेतले. मग कॅमेरा टॉवेलात गुंडाळून मामांच्या मांडीवर दिला आणि वडखळ, नागोठणे करत दोघं रोह्याला आलो.

कॅमेऱ्याची केबल साधीच. एका टोकाला कॉम्प्युटरला लावायचा नऊ पिनांचा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला इअरफोनसारखी गोल पिन, ती कॅमेऱ्याच्या भोकात. ती घट्ट बसवली... तरी कॅमेरा सापडेना.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. पोर्ट बदलला. मोडेम काढून ठेवला, दोघांची भांडणं नकोत म्हणून. स्पीड कमी करत करत अगदी तळाला आणला. चार नवे सेल घातले, सॉफ्टवेअर तीनदा उडवून तीनदा टाकलं. प्रत्येक प्रयोग वेळेसकट वहीत... दुपारी तीनपर्यंत एकवीस नोंदी झाल्या.

मामा शेजारच्या खुर्चीत बसून होते. जेवायलाही उठले नाहीत. एकदा त्यांनी कॅमेऱ्याकडे हात नेला, तर मी पटकन म्हणालो, "मामा, हात नका लावू. नाजूक काम आहे."

चाळीस वर्षं देवाचे डोळे आखणाऱ्या माणसाला मी हे सांगत होतो! बायकोने स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं काही पाहिलं, की...

साडेचारला मी हात टेकले. कॅमेराच बिघडलेला आहे, असा निकाल देऊन टाकला. मामांचा चेहरा पडला. मग ते हळूच म्हणाले, "जावईबापू, एक बोलू? ती पिन पुरी आत जात नाय."

"बसलीय मामा. घट्ट बसलीय."

"घट्ट हाय हो, पुरी नाय. अर्ध्या तांदळाएवढी बाहेर हाय बघा. तिचा पिवळा भाग दिसतोय, तो दिसाया नको."

मी वाकलो, चष्मा वर करून पाहिलं. पिवळी रेघ होती... पुरती अर्ध्या तांदळाएवढी! सकाळपासून ती माझ्या नाकासमोर होती आणि मी पडद्याकडे बघत बसलो होतो.

सेल काढून मी कॅमेरा मामांच्या हातात दिला. त्यांनी बॅटरीच्या उजेडात भोकात पाहिलं. देव्हाऱ्यातली एक उदबत्ती मागवून तिच्या काडीच्या टोकाला मेणाचा ठिपका लावला. श्वास रोखून काडी आत घातली, अलगद टेकवली, बाहेर काढली.

टोकाला चिकटला होता एक अख्खा, कुंकवाने लाल झालेला तांदूळ!

बायकोने लगेच पेणला फोन लावला. "मामी गो, कॅमेऱ्याची पूजा केलीस काय?"

"व्हय तर! नवी वस्तू घरात आली, तशीच वापरायची? हळद-कुंकू लावलं, मूठभर अक्षता वाहिल्या." मग जरा काळजीने, "का गो, फोटो चांगले नाय आले?"

मामा इतके हसले की डोळे पुसायला टॉवेल घ्यावा लागला. सकाळपासून पहिल्यांदाच हसत होते. मीही हसलो... आधी थोडं कष्टाने, मग मनापासून.

पिन 'टक्' करून आत गेली. एकेक करत बाराही फोटो पडद्यावर उतरले, मोडेम परत जोडला आणि त्यातले तीन सहाच्या आत कॅनडाला रवाना झाले. रविवारी सकाळी उत्तर आलं. मंडळाच्या बायकांना डोळे फार आवडले होते, मूर्ती लगेच पाठवा! सोमवारी टेम्पो वेळेवर निघाला, आणि मामींनी त्याच्यावरही अक्षता वाहिल्या.

वहीत बाविसावी नोंद आहे. 'दोष: अक्षता, नग एक. दुरुस्ती: दत्तामामा.' माझ्या सगळ्या वह्यांत दुसऱ्याच्या नावावरची दुरुस्ती ही एकच... आणि हल्ली मला सगळ्यात जास्त अभिमान तिचाच वाटतो.

आमच्याकडे आजही नवं यंत्र आलं की बायको हळद-कुंकू लावते, अक्षता वाहते. मी आडवा येत नाही. फक्त आधी सगळी भोकं चिकटपट्टीने बंद करून देतो.