तामूने कापड उचललं नाही

सफ्रू गावात बकरी ईदच्या सकाळी बुअज्जा कसायाला केवढा मान! घराघरांतून बोलावणं यायचं आणि हा ऐटीत सुऱ्या घेऊन निघायचा. बायकोबद्दल कुणी विचारलं की म्हणायचा, "तामू? इस्पितळात फरशी पुसते."

खोटं नव्हतं ते. एकवीस वर्षं तामूने अपघात विभागाची फरशी पुसली. पण डोळे काही फरशीला चिकटलेले नव्हते तिचे. भळाभळा रक्त वाहणाऱ्या माणसाला परिचारिका कशा सांभाळतात, ते तिने नीट पाहून ठेवलं होतं. गल्लीत मात्र कुणाला कापलं की बायका जखमेत कॉफीची पूड भरायच्या. तामू वैतागायची, "अगं, ती जखम आहे की किटली?" त्यावर बुअज्जा हसायचा, "डॉक्टरीणबाई बोलल्या!"

त्या ईदला शेजारच्या रकियाच्या अंगणात मेंढ्याने ऐन वेळी पाय झाडला आणि सुरी बुअज्जाच्याच मांडीत शिरली. रक्ताची चिळकांडी उडाली. आरडाओरडा ऐकून तामू धावत आली, तर रकिया डब्यातून कॉफीची मूठ भरून वाकलेली.

"डबा ठेव तो. चादर आण, आणि इस्पितळाच्या गाडीला फोन लाव."

चादरीची घडी जखमेवर ठेवून तामूने दोन्ही हातांनी अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"थांबलं का, जरा उचलून बघ की," बुअज्जा कण्हला.

"उचलायचं नाही."

"मांडी माझी आहे."

"आणि नवरा माझा आहे. गप पडून राहा."

चादर भिजली. तामूने त्या भिजल्या घडीवरच दुसरी ठेवायला लावली. तिचे ओठ अल्लाचं नाव पुटपुटत होते. ईदची गर्दी कापत गाडी यायला अर्धा तास लागला. तोवर हातांना मुंग्या येऊन ते बधिर झाले, पण जागचे हलले नाहीत.

बुअज्जा वाचला. पुढच्या ईदला किंचित लंगडत तो पुन्हा निघाला. आता प्रत्येक दारी सुरी काढायच्या आधी स्वच्छ कापड मागायचा. "कॉफी प्यायला ठेवा. कापलंच तर दाबून धरा, आणि उचलून बघायचं नाही. माझ्या बायकोने सांगितलंय."

एका घरी कुणीतरी हसलं, "ती फरशी पुसणारी?"

सुरीला धार लावता लावता बुअज्जा थांबला.

"तीच," तो म्हणाला. "आणि मी तिचा नवरा."