फुगवट्यातलं बंदर

धरण भरलं की मागं फुगवट्याचं पाणी पसरतं आणि पलीकडची वस्ती बेट होते. तिथल्या शाळेत शिकवायला मी रोज होडीनं जातो. होडीवाले मामा उतरायच्या चिखलालाही ऐटीत बंदर म्हणतात. “मास्तर, बंदर आलं. चपला हातात घ्या!”

पायऱ्यांसाठी त्यांनी अर्जांवर अर्ज केले. शेवटी इंजिनिअर साहेब पाहणीला आले आणि होडीत बसूनच म्हणाले, “इथं पायऱ्या कशाला?”

“उतरून बघा की,” मामा अदबीनं म्हणाले.

साहेब गुडघाभर रुतले. मामांनी हात धरला, पण ओढायची घाई केली नाही. “साहेब, बाळंतपणाला निघालेल्या बाया बी हितनंच होडीत चढत्यात.”

यंदा पायऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी मामांनी आम्हाला होडीतच बसवून ठेवलं आणि आधी आपल्या म्हाताऱ्या चुलतीला उतरवलं. ती कोरड्या पायांनी वर गेली, तशीच खाली आली आणि म्हणाली, “आजून येकदा चढू दे.”