टाइमिंगची खूण

माझ्या मोटरसायकलच्या इंजिनाला मी कधी मिस्त्रीचा हात लागू दिला नाही. चिखलीत मिस्त्री काय कमी आहेत? पण टॅपेट सेट करायचे, म्हणजे झडपांची फट जुळवायची म्हटलं की ते सगळं कानानं ठरवतात, इंजिनावरची खूण कोणी बघत नाही. मला ते पटत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, सकाळी इंजिन थंडगार असताना, मी स्वतःच अंगणात पोतं टाकून बसायचो.

काम तसं सरळ आहे. प्लग काढायचा, डाव्या बाजूची दोन बुचं काढायची. खालच्या मोठ्या भोकात पाना घालून इंजिन हळूहळू फिरवायचं आणि वरच्या छोट्या खिडकीतून आत बघत राहायचं. आतल्या चाकावर कोरलेली इंग्रजी टीची खूण खिडकीच्या काठावरच्या खाचेसमोर आली की थांबायचं. दोन फेऱ्यांत ती दोनदा येते, त्यातली कामाची एकच. म्हणून प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा. आतल्या हवेनं अंगठा ढकलला की त्यानंतर येणारी टी आपली.

त्या रविवारी अंगठा ढकलला गेला. मी बॅटरी लावून खिडकीत डोळा घातला आणि पाना थोडा थोडा फिरवू लागलो. काही दिसेना. मान वाकडी केली, चष्मा काढला, परत लावला. बघावं तिथं मधोमध धुरकट डाग. कडेकडेनं मात्र चप्पल, बकेट, भिंतीला टेकवलेला झाडू, सगळं दिसत होतं.

बुलडाण्याच्या डॉक्टरनं हे आधीच सांगितलं होतं. साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब झालेत, इंजेक्शनं देऊ, पण गेलेली नजर परत येईलच असं नाही, आणि गाडी आजपासून बंद. मी बरं म्हणालो, जिना उतरलो आणि त्याच गाडीवर घरी आलो. बायकोला म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला. रडू आलं नाही, रागही आला नाही. एरवी वरणात मीठ कमी पडलं तरी मी घर डोक्यावर घेतो. पण आत सगळं बधिर होतं, दात काढल्यावर गाल असतो तसं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"एवढं काय पाहून राह्यले?"

"टी पाहून राह्यलो. आलीबी. हे पाय, बराबर खाचेसमोर."

कशाला दाखवायला गेलो, देव जाणे. तिनं कप ओट्यावर ठेवला, माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि वाकली.

"कुठं? इथं तं काहीच नाही. निरं काळं लोखंड हाय."

"तुले समजत नाही त्यातलं."

"समजत नसंन, पण दिसते तं मले!" ती फाडकन म्हणाली. मग माझ्याकडे बघतच राहिली. "तुमाले दिसून नाही राह्यलं."

मी डॉक्टरचं सगळं सांगून टाकलं. दूध उतू गेलं तर जिचा आवाज गल्लीभर ऐकू जातो, ती बाई हळूच पोत्यावर माझ्या शेजारी बसली.

"कवापासून?"

"पोळ्याच्या आधीपासून."

"परवा आपण शेगावले गेलो. खामगावच्या रोडनं, त्या ट्रकाईमधून."

"हो."

"ट्रक दिसत होते?"

"बाजूचे दिसत होते. समोरचे आवाजावरून समजत."

"भेव नाही वाटलं तुमाले?"

खोटं बोलायचं त्राणही माझ्यात उरलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो. "काहीच नाही वाटलं."

तिनं बॅटरी बंद केली.

"मी तं झोपली होती मांगं," ती म्हणाली. "तुमच्या पाठीले डोकं टेकवून."