डिसेंबरातली भाऊबीज

आमच्या घरची भाऊबीज नऊ वर्षं पंचवीस डिसेंबरला झाली. घाटंजीतल्या आमच्या गल्लीत हा थट्टेचा विषय होता. सगळ्यांचे आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले की महिनाभरानं आमचा वर चढायचा. समोरच्या काकू दरवर्षी तेच विचारायच्या, "काहो, तुमच्या घरचं कॅलेंडर कोणत्या छापखान्यातलं हाय?" आणि दरवर्षी स्वतःच हसायच्या. ताईही हसायची. मला मात्र राग यायचा, कारण ते कॅलेंडर माझ्यामुळे बिघडलं होतं.

मी बोट्स्वानात मास्तर आहे, गणिताचा. हा देश आफ्रिकेच्या दक्षिणेला आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे मी गावात इतक्यांदा सांगितलंय की आता कुणी विचारलं तर "आफ्रिकेत" म्हणतो आणि विषय संपवतो. आपल्याकडे दिवाळी असते तेव्हा तिथं परीक्षा चालू असतात. मी वर्गात पेपर वाटत फिरत असतो, उन्हानं डोकं उठलेलं असतं, दिवाळी आहे हे संध्याकाळी फोन पाहिल्यावर आठवतं. डिसेंबर लागला की शाळा बंद होते ती जानेवारीच्या मध्यावर उघडते. ही नाताळाची सुटी. घरी येऊन जायला पुरेल अशी वर्षातली एवढी एकच. म्हणून आमच्या दिवाळीनं नाताळापर्यंत थांबायचं, असं ताईनं ठरवून टाकलं.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, त्यामुळे आई म्हटलं की मला ताईचेच हात आठवतात. तिचं लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी ती परत आली. काहून आली, असं कुणी विचारलं तर "पटलं नाही" एवढंच सांगायची, आणि ते अशा आवाजात की पुढचा प्रश्न विचारायची कुणाची छाती होत नसे. बाबा गेल्यावर घरात राहिली ती आणि तिची शिलाई मशीन. त्या मशीनवर माझं बी.एड. झालं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझं म्हणावं असं माणूसही तीच.

पहिल्या वर्षी मी फोनवर दिवाळी चुकली म्हणून हळहळलो, तर म्हणाली, "दिवाळीत मले तरी कुठी फुरसत असते रे? लोकायचे ब्लाऊज शिवू का तुले ओवाळू? तू नाताळात ये. आरामात करू." हे अर्धंच खरं होतं. दिवाळीत तिच्याकडे ब्लाऊजचा ढीग असतोच. पण मी यवतमाळला नोकरीला होतो तेव्हा त्याच ढिगातून उठून ती मला ओवाळायची. माझ्या मनाला लागू नये म्हणून ती असं बोलते आहे, हे मला कळत होतं. कळूनही मी ते सोयीनं खरं धरलं.

मग दर डिसेंबरात मी यायचो. जोहान्सबर्ग, मुंबई, नागपूर, यवतमाळ, आणि तिथून घाटंजीची एसटी. ताई स्टँडवर उभी असायची, साडीवर स्वेटर, डोक्याला मफलर. घरी चकल्या, अनारसे, तिखट शंकरपाळे डब्यांत भरून ठेवलेले. दिवाळीत गावभर फराळ चाललेला असताना ती स्वतः त्यातलं काही करायची नाही, शेजाऱ्यांकडून आलेलं तेवढं खायची. तुरीच्या शेंगा भरल्या की कुणाच्या तरी शेतातून पिशवीभर यायच्या, मग सोले-वांग्याची भाजी. पंचवीसला सकाळी थंडीत मला अंगणात बसवून पाठीला उटणं लावायची, चाळिशी उलटलेल्या घोड्याला. मग पाट, रांगोळी, ओवाळणं. एकदा मी विचारलं, पंचवीसच तारीख कशाला, सुटी तर महिनाभर आहे. म्हणाली, "तूच तं सांगतलं, त्या दिवशी तिकडे सगळ्यायचे भाऊ घरी येतेत म्हणून. मंग माहाही असावा."

दहाव्या वर्षी मी गेलो नाही.

कारण काहीच नव्हतं. खोटं कशाला सांगू, कंटाळा आला होता. तीन दिवस जा, तीन दिवस या, मधे त्याच नातेवाइकांचे तेच प्रश्न, तेच लग्नाचं, तेच "तिकडे साप फार असतेत का". एक सुटी आपली आपण झोपून काढावी, एवढंच मनात होतं. ताईला हे सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण सांगायची हिंमत झाली नाही. मी सांगितलं की शाळेनं थांबवलंय, नापास पोरांचे वर्ग घ्यायचे आहेत.

"नाताळात?" तिनं विचारलं.

"हो ना. नवीन हेडमास्तर आलाय, फार कडक आहे." नसलेला हेडमास्तर मी चुटकीसरशी उभा केला.

"बरं," ती म्हणाली. "जेवाचे हाल नको करू." आणखी काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं.

पण झोप काही मिळाली नाही. नाताळाच्या आठवड्यात तिथली शहरं ओस पडतात. जो तो आपापल्या गावी जातो, पेट्या, गाद्या, कोंबड्या गाडीत कोंबून. आमच्या इमारतीत मी एकटा उरलो. दोन दिवस दहीभात खाल्ला, तिसऱ्या दिवशी भिंतींशी बोलायची वेळ आली. शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरला हे कळलं तेव्हा तो गाडी घेऊन दारात आला. म्हणाला, नाताळात माणूस एकटा राहिला आणि आपल्याला ठाऊक होतं, ही आमच्यात लाजेची गोष्ट आहे, चल. त्याचं गाव तीन तासांवर होतं. मी गेलो.

गावात पोरासोरांना नवे कपडे घेतलेले, काहींच्या बाहीला अजून दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. अंगणात मोठ्या हंड्याखाली जाळ. आल्याचं घरी केलेलं सरबत बादल्यांतून भरलेलं, ज्याला हवं त्यानं बुडवून घ्यावं. चर्चमधून माणसं गात गात परत आली आणि अंगणातही गात राहिली. त्या घरात पाच भाऊ होते, पाच ठिकाणांहून आलेले, आणि त्यांची एक मोठी बहीण होती, साठीची. जेवायच्या आधी ती तांब्या आणि घमेलं घेऊन एकेका भावासमोर गुडघे टेकून बसली आणि त्याच्या हातांवर पाणी घातलं. मग माझ्यासमोर आली. पाणी घालताघालता तिनं मला विचारलं, भाषांतर मास्तरनं केलं, "आज तुझ्या घरी तुझी वाट कोण पाहतंय?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "आमच्यात नाताळ नसतो."

हे वाक्य शब्दन् शब्द खरं होतं, आणि याच्याइतकं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा फोन वाजला. ताईचा, व्हिडिओवरचा. तो घ्यायचा नाही एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण मास्तरच्या छोट्या पुतणीनं बटण दाबलं आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर ताई. तिला मी दिसलो, माझ्यामागचं अंगण दिसलं, नवे कपडे घातलेली पोरं, नाचणाऱ्या बाया, माझ्या मांडीवरचं भरलेलं ताट.

मग म्हणाली, "पोट्टे पेपर सोडवून राह्यले काय रे?"

मी म्हणालो, "ताई, ते ऐक ना, इथं आजच्या दिवस..."

"जेव तू. थंडं होईन." आणि फोन बंद झाला.

त्या दिवसानंतर त्याबद्दल ती मला एका शब्दानं काही बोलली नाही. दर रविवारचा फोन चालूच राहिला. तब्येत बरी हाय, पाऊस बरा हाय, गच्ची गळते पण चालून जाते. पूर्वी ती फोनवर गल्लीतली सगळी भांडणं नक्कल करून सांगायची, त्यातलं काही येईना. मी विचारलं तर "तसं काई नाई" म्हणायची. मला भीती एकच होती, ही बाई माझी वाट पाहायची थांबली तर माझी वाट पाहणारं या जगात दुसरं कुणीच नाही. ते वर्षभर मी हिशेब लावत होतो, रागावली असेल, राग किती दिवस टिकतो, डिसेंबरात जाऊ, पाय धरू, ती एक धपाटा घालेल आणि पाट मांडेल. त्या धपाट्यावर मी वर्ष काढलं. तिकीट मे महिन्यातच काढून तिला सांगितलं, तर म्हणाली, "ये की. घर तुयंच हाय."

मी आलो तेव्हा स्टँडवर ती नव्हती. बॅग ओढत घराशी पोचलो, तर आधी काकूच भेटल्या. या वेळी त्यांनी कॅलेंडरचा विनोद केला नाही. मला ओट्यापाशी थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या वर्षी लय वाईट वाटलं बाप्पा. तू येत नाई म्हणून सांगतलं तरी तिनं सगळा फराळ केलता. दोन दिवस स्टँडवर जाऊन बसली. म्हणे, त्याचं काई सांगता येत नाई, गंमत म्हणून येऊन उभा राहीन." मी बॅग उचलून घरात शिरलो.

घरभर लाल सॅटिन पसरलेलं होतं. गावात आता इंग्रजी शाळा झाली आहे, तिच्या गॅदरिंगला पहिलीची पोरं सांताक्लॉज होणार होती, आणि त्यांचे अंगरखे ताईकडे शिवायला आले होते. कडेला कापसाची पट्टी लावलेले इवले इवले अंगरखे खाटेवर, खुर्चीवर, देव्हाऱ्याच्या कठड्यावर. ती मशीनवरून उठली, माझ्या हातातली बॅग घेतली, चहा ठेवला. प्रवासाचं विचारलं. सगळं नीट. डबे मी नजरेनं शोधले, दिसले नाहीत. म्हटलं, तेवीसला करेल. मग म्हटलं, चोवीसला.

पंचवीसला मी पहाटेच उठलो, आपणच पाणी तापवून आंघोळ केली, नवा सदरा घातला आणि तिच्या मशीनसमोर जाऊन बसलो. एखाद्या पोरासारखा. ती अंगरख्याच्या कडा दुमडत होती.

"ताई, ओवाळायचं नाही का?"

मशीन थांबली नाही. "झालं ना ते. यंदा दिवाळीलेच करून टाकलं."

"कुणाला ओवाळलंस?"

"चंद्राले."

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला संध्याकाळी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"मी आहे ना पण," मी म्हणालो.

"हायेस ना. कोण नाही म्हणते?" तिनं दोरा दातानं तोडला. "पण तो टायमावर येते."

मग मी सगळं बोललो. हेडमास्तर कुणी नव्हता, वर्ग नव्हते, कंटाळा आला होता, तुला तोंडावर सांगायची लाज वाटली, माझं चुकलं. बोलताबोलता रडलोही. ती मशीनवरचे हात मांडीवर घेऊन ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडत नव्हता. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

"मले तेव्हाच समजलं होतं," ती म्हणाली. "कंटाळा येतेच माणसाले. त्यात रडाचं काय?" तिनं पदरावरचे लाल धागे झटकले आणि उठली. "चाल, जेवाले काय करू? काय खाशीन?"

ताईनं हे मला जन्मात कधी विचारलं नव्हतं. जे केलं असेल ते ताटात पडायचं, आणि मी नाक मुरडलं की बोलणी बसायची. मी म्हणालो, काहीही कर, मला सगळं चालतं.

"तसं नाई, सांग ना," ती दारात थांबून म्हणाली. "तुले आता इथलं काय चालते, काय नाई, मले काय मालूम."